'समीक्षा' या शब्दाचे दुसरे घर

मराठीत 'समीक्षा' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर साहित्यकृती आणि तिचा चिकित्सक वाचक उभा राहतो. या शब्दाचे आणखी एक घर आहे, हे आम्हांस बऱ्याच उशिरा कळले. १९४७ साली कलकत्त्याहून 'समीक्षा' याच नावाचे एक इंग्रजी नियतकालिक निघू लागले. त्यात कवितासंग्रहांची वा कादंबऱ्यांची परीक्षणे नव्हती. त्यात मनोरुग्णांची वृत्ते, स्वप्नांचे अर्थ आणि मनोव्यापारांविषयीचे सिद्धान्त असत. भारतीय मनोविश्लेषण संस्थेचे ते मुखपत्र होते. मराठीने ज्या शास्त्राला 'मनोविश्लेषण' म्हटले, त्याला बंगालीत 'मनःसमीक्षण' हा शब्द रूढ झाला आणि त्यातूनच हे नाव आले.

दोन्ही शब्द संस्कृतातलेच. पण त्यांचा कल वेगवेगळा आहे. 'विश्लेषण' म्हणजे जोडलेले सुटे करणे. मूळ युरोपीय शब्दाचा तो प्रामाणिक अनुवाद होय. 'समीक्षण' म्हणजे नीट, सर्व बाजूंनी पाहणे. एका शब्दाच्या निवडीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. तरीही कलकत्त्याच्या त्या मंडळींनी व्हिएन्नाहून आलेल्या शास्त्राशी जो व्यवहार केला, त्याचे वर्णन करायला हा दुसरा शब्द अधिक योग्य आहे असे आम्हांस वाटते. त्या व्यवहाराची हकीकत येथे सांगायची आहे, आणि ती सांगण्यामागे आमचा थोडा स्वार्थही आहे. साहित्याच्या वर्गात 'मानसशास्त्रीय समीक्षा' हे प्रकरण आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. फ्रॉइड, ईडिपस गंड, दमन, अबोध मन, झालेच तर युंग आणि आदिबंध, अशी यादी फळ्यावर लिहायची आणि मग एखादी मराठी कादंबरी घेऊन तिच्यातील पात्रांना त्या यादीतील एकेक चिठ्ठी चिकटवायची, अशी आमची रीत होती. विद्यार्थी ती चटकन आत्मसात करीत आणि उत्तरपत्रिकांत गुणही मिळवीत. ही यादी आपल्या मातीतल्या माणसांना कितपत लागू पडते, हा प्रश्न मात्र आम्ही कधी विचारला नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी तो १९२० च्या दशकात, आणि तोही थेट फ्रॉइडला विचारला होता.

गिरींद्रशेखरांचा जन्म १८८७ चा. वडील दरभंगा संस्थानचे दिवाण होते. वडीलबंधू राजशेखर बोस हे 'परशुराम' या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतील श्रेष्ठ विनोदकार आणि 'चलंतिका' या सुप्रसिद्ध शब्दकोशाचे कर्ते. गिरींद्रशेखर १९१० साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. जादू आणि संमोहन यांचा नाद त्यांना विद्यार्थिदशेपासूनच होता आणि त्या वाटेनेच ते मनोरुग्णांच्या उपचारांकडे वळले. त्या काळी फ्रॉइडच्या ग्रंथांपैकी फार थोडे इंग्रजीत आले होते. जे मिळेल ते वाचावे आणि समोरच्या रुग्णांवर पारखून पाहावे, असा त्यांचा क्रम होता. कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ च्या सुमारास सुरू झाला. हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख होते. व्यवसाय सांभाळून गिरींद्रशेखरांनी याच विभागातून मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते.

हा प्रबंध पुस्तकरूपाने निघताच त्यांनी त्याची एक प्रत व्हिएन्नाला धाडली. फ्रॉइडचे उत्तर आले. इतक्या दूरच्या देशात आपल्या विचारांची अशी दखल घेतली जावी याचे त्यांना नवल वाटले होते. येथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत, म्हणजे दीड दशकाहून अधिक काळ चालला. दोघांची भेट कधीच झाली नाही.

२२ जानेवारी १९२२ रोजी कलकत्त्यातील १४, पारसीबागान लेन या बोस कुटुंबाच्या घरात भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला मान्यता दिली. पॅरिसची संस्था निघाली १९२६ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. पंधरा संस्थापक सभासदांपैकी नऊ जण महाविद्यालयांत मानसशास्त्र वा तत्त्वज्ञान शिकवणारे अध्यापक होते. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे रुग्णालयाच्या दारातून जितके आले, त्याहून अधिक वर्गाच्या आणि बैठकीच्या दारातून आले. त्याच घरात राजशेखरांभोवती साहित्यिक आणि चित्रकार यांचा अड्डा जमत असे. त्या अड्ड्याने स्वतःला दिलेले 'उत्केंद्र समिती' हे नाव 'परशुराम' यांच्या विनोदाला साजेसेच म्हणायचे.

या अड्ड्यातील एका चित्रकाराची गोष्ट येथे सांगायला हवी. जतींद्रकुमार सेन हे परशुरामांच्या कथांची चित्रे काढीत. त्यांनी फ्रॉइडला किंवा त्याच्या छायाचित्रालाही न पाहता, केवळ त्याच्या लेखनावरून कल्पना करून त्याचे एक चित्र रेखाटले आणि गिरींद्रशेखरांनी ते व्हिएन्नाला पाठवून दिले. फ्रॉइडला मौज वाटली. चित्रकाराने आपल्याला अगदी पक्का इंग्रज करून टाकले आहे, असे त्याने लू आंद्रेआस-सालोमे या आपल्या स्नेही विदुषीस कळवले. या विनोदात एक सत्य दडलेले आहे. वसाहतीतल्या माणसासमोर युरोपातील ज्ञान येत असे ते इंग्रजीतून आणि इंग्रजांच्या मार्फत. मग व्हिएन्नात राहणाऱ्या, जर्मन भाषेत लिहिणाऱ्या ज्यू डॉक्टरला त्याने इंग्रजाचा चेहरा दिला, तर त्यात त्याचा दोष किती?

हे इंग्रजी मुख म्हणजे नुसती कल्पना नव्हती. संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत ओवेन बर्कली-हिल हे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे ते १९१९ पासून प्रमुख. नावाप्रमाणेच हे रुग्णालय युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रुग्णांसाठी होते. रुग्णांना कामात गुंतवून उपचार करण्यासारखे अनेक नवे प्रयोग बर्कली-हिल यांनी तेथे केले आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु याच डॉक्टरांनी १९२१ साली मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध लिहिला आणि हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान व स्वभाव यांची मुळे बालपणातील मलविसर्जनाशी निगडित असलेल्या वासनांत शोधली. क्लॉड डेली हे दुसरे सभासद सैन्यातील अधिकारी. १९३० साली, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, त्यांनी क्रांतिकारक प्रवृत्तींच्या मानसशास्त्रावर लिहिले आणि भारतीयांच्या राजकीय असंतोषाला एक मानसिक विकृती ठरवून मोकळे झाले. एखाद्या राष्ट्राची मागणी ऐकायची नसेल, तर तिला लक्षण म्हणावे आणि मागणाऱ्याला रुग्ण म्हणावे, ही युक्ती या शास्त्राच्या हाती अगदी आरंभीच आली होती. ही युक्ती वापरणारी माणसे आणि गिरींद्रशेखर एकाच संस्थेचे सभासद होते, हे विसरून चालणार नाही.

अशा परिस्थितीत स्वाभिमानी माणसासमोर सामान्यतः दोन मार्ग दिसतात. एक, हे सारे शास्त्र परकीय म्हणून झिडकारावे आणि 'आमच्या योगशास्त्रात हे आधीच आहे' असे म्हणावे. दुसरा, ते जसेच्या तसे शिरोधार्य मानावे. आपल्याकडे या दोन्ही मार्गांवर भरपूर रहदारी आहे. गिरींद्रशेखरांनी यांपैकी एकही पत्करला नाही. ते गीतेवर आणि पुराणांवर लिहीत. 'स्वप्न' हे त्यांचे बंगाली पुस्तक १९२८ चे, 'पुराणप्रवेश' १९३४ चे. मुलांसाठी त्यांनी लाल आणि काळ्या मुंग्यांच्या लढाईची 'लालकालो' ही गोष्टही लिहिली. तरीही रुग्णाविषयी बोलताना ते ग्रंथाचा आधार घेत नसत. रुग्ण काय बोलतो हा त्यांचा आधार असे.

आणि रुग्णांचे बोलणे फ्रॉइडच्या सिद्धान्ताशी पुरते जुळत नव्हते. फ्रॉइडच्या मांडणीत मुलगा आईच्या ओढीने बापाशी स्पर्धा करतो, बाप आपले लिंग छेदील या भयाने ती ओढ दडपतो आणि त्या भयातूनच त्याच्या मनात सदसद्विवेकाची सत्ता उभी राहते. १९२९ साली गिरींद्रशेखरांनी फ्रॉइडला लिहिले, त्याचा आशय असा : युरोपीय रुग्णांत या भयाचे महत्त्व आपण नाकारत नाही, पण आपल्या भारतीय रुग्णांत त्याची लक्षणे तितक्या तीव्रतेने आढळत नाहीत. उलट आपण स्त्री व्हावे ही इच्छा भारतीय पुरुष रुग्णांच्या मनातून अधिक सहजपणे वर येते. भयाला जे बळ मिळते तेही या दडलेल्या इच्छेमुळेच मिळते.

यामागे त्यांचा स्वतःचा एक सिद्धान्त होता. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरुद्ध इच्छा दडलेली असते, असे ते मानीत. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिले जाण्याची, पुरुष असण्याच्या इच्छेबरोबर स्त्री होण्याची. यांपैकी एक उघडपणे वावरते आणि दुसरी दबते. दबलेली इच्छा मग लक्षणाच्या रूपाने डोके वर काढते. उपचाराची पद्धतही यातूनच निघाली. रुग्णाने कल्पनेने समोरच्याच्या जागी जाऊन बसावे. ज्याच्यावर तो चिडला आहे, त्या माणसाच्या ठायी स्वतःला पाहावे. मग परत आपल्या जागी यावे. झोपाळ्यासारखे हे आंदोलन होत होत दोन्ही इच्छा जाणिवेत येतात आणि त्यांच्यातील ताण सैल होतो, असे त्यांचे म्हणणे. साहित्याच्या माणसाला यात ओळखीचे काही सापडेल. आपण लेखकाच्या ज्या शक्तीला 'परकायाप्रवेश' म्हणतो, तिलाच येथे उपचाराचे साधन केले आहे.

फ्रॉइडने हे सहजासहजी मानले नाही. या सिद्धान्तात मनाच्या आकृतिबंधावर भर आहे, मनाला ढकलणाऱ्या शक्तींवर नाही, असा त्याचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. पुढे परस्परविरोधी इच्छांच्या प्रश्नाकडे आपले काहीसे दुर्लक्ष झाले, एवढे त्याने कबूल केले. पण आपल्या मांडणीचा सांगाडा बदलला नाही. गिरींद्रशेखरांनीही आपला आग्रह सोडला नाही. १९३१ साली फ्रॉइडच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसानिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून पाठवली. फ्रॉइडने ती आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली आणि आज ती लंडनच्या फ्रॉइड संग्रहालयात आहे. मनोविश्लेषणाने परदेशांत मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून आभाराच्या पत्रात त्याने तिचे स्वागत केले. ज्यांनी मूर्ती पाठवली त्यांना ती जिंकल्याची खूण वाटली असेल काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवतो.

येथवर वाचून गिरींद्रशेखरांची पालखी काढावी असे कोणास वाटल्यास आम्ही आधीच सावध करू. त्यांचे 'भारतीय रुग्ण' म्हणजे प्रामुख्याने कलकत्त्यातील सुशिक्षित, उच्चवर्णीय बंगाली पुरुष होते. शेतमजूर, गिरणी कामगार, दलित यांच्या मनाविषयी त्यांच्या टिपणांतून निष्कर्ष काढता येणार नाहीत. स्त्रियांविषयी तर फारच जपून बोलावे लागेल. 'युरोपीय मन' हे सर्व मानवजातीचे मन नव्हे असे म्हणणाऱ्याने एका शहरातील एका वर्गाच्या मनाला 'भारतीय' म्हणावे, ही विसंगती आहेच. पण आपले म्हणणे खोडून काढण्याची रीतही त्यांनीच दाखवून ठेवली : समोरचा काय सांगतो ते ऐका आणि सिद्धान्ताला त्याचे उत्तर द्यायला लावा.

ऐकण्याची ही व्यवस्था त्यांनी प्रत्यक्षातही उभी केली. त्या काळी मनोरुग्णासाठी १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट' होता आणि उंच भिंतींची रुग्णालये होती; वेड हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय होता. १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजेच आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, गिरींद्रशेखरांनी मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा हा आपल्या देशातील पहिला विभाग. ताप-खोकल्याच्या रुग्णासारखेच मनाने त्रस्त झालेल्या माणसाने यावे, बोलावे आणि घरी परतावे, ही कल्पना त्या काळी किती नवी होती हे सांगायला नको. मुंबईत जे. जे. रुग्णालयात असा विभाग १९३८ साली निघाला. १९४० मध्ये संस्थेने कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालयही काढले.

या लुंबिनी पार्कमध्ये १९४२ साली एक कवी आला. काझी नझरूल इस्लाम. आपल्या शब्दांनी बंगाल हलवून सोडणाऱ्या या कवीची वाणी त्रेचाळीसच्या वयात हरपू लागली होती. काही महिने तेथे काढूनही गुण आला नाही. दहा वर्षांनी त्यांना रांचीला नेण्यात आले आणि १९५३ साली चाहत्यांनी निधी उभारून त्यांना लंडन आणि तेथून व्हिएन्नाला पाठवले. फ्रॉइडने १९३८ साली नाझींमुळे व्हिएन्ना सोडले होते आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला होता. गिरींद्रशेखर जून १९५३ मध्ये वारले. त्या वर्षाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी नझरूल यांची तपासणी केली आणि मेंदूच्या पेशी झिजत जाणारा 'पिक' नावाचा असाध्य आजार असल्याचे निदान केले. १९७६ साली ढाक्यात निधन होईपर्यंत त्यांची वाणी परतली नाही.

ही हकीकत आम्हांस फार बोचते. बोलण्यातून बरे करणाऱ्या शास्त्रासमोर ज्याचे बोलणेच गेले असा माणूस आला, आणि तो माणूस कवी होता. मनाच्या आजाराचा प्रत्येक धागा इच्छांपर्यंत आणि बालपणापर्यंत जात नाही. काही धागे थेट मेंदूच्या पेशींत जाऊन थांबतात. साहित्यातील माणसे मनाविषयी बोलताना हे विसरतात आणि कवीच्या वेडाला प्रतिभेची किंमत वगैरे म्हणून सजवतात. नझरूल यांच्या मौनाला असा अर्थ देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता आमच्या वर्गाकडे परत येऊ. मराठीत मनोविश्लेषणाची भाषा आली, तशी तिने काही जुने शब्दही कामाला लावले. अबोध मनासाठी आपण 'नेणीव' हा शब्द वापरतो. संतवाङ्मयात हा शब्द 'जाणीव'च्या जोडीने येतो आणि तेथे त्याचा अर्थ अज्ञान असा आहे. दडपलेली इच्छा असा नाही. शब्द तोच राहिला, आतला ऐवज बदलला. मर्ढेकरांनी १९४२ साली 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली, तेव्हापासून मराठी कथात्म साहित्याने मनाच्या तळाशी जाण्याचे अनेक मार्ग चोखाळले. समीक्षेने मात्र बहुधा तयार किल्ली घेतली आणि कुलपे शोधीत फिरली.

एकच उदाहरण घेऊ. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी (१९५९) आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वाचलेली असते. 'ययातीमधील ईडिपस गंड' असा प्रश्न आम्ही स्वतः एकदा परीक्षेत घातला होता, हे आज कबूल करतो. ईडिपस बापाला मारतो. ययातीच्या कथेत बाप मुलाचे तारुण्य मागून घेतो आणि मुलगा ते देतो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय ईडिपसविषयीच्या आपल्या निबंधात हेच दाखवले. ययाती आणि पुरू, शंतनू आणि भीष्म, शिव आणि गणेश या कथांत झळ लागते ती मुलाला, आणि लावणारा असतो बाप. सुधीर कक्कर आणि आशिष नंदी यांनीही पुढे याच वाटेवर काम केले आणि दोघांनाही गिरींद्रशेखरांकडे वळून पाहावे लागले.

पण दिशा उलटी आहे एवढे सांगून काम संपत नाही. तसे केले तर ईडिपस गंडाच्या जागी 'ययाती गंड' नावाची दुसरी चिठ्ठी तेवढी येईल. गिरींद्रशेखरांची रीत घेऊन कादंबरीकडे पाहिले, तर वेगळाच प्रश्न समोर येतो. खांडेकरांच्या कादंबरीत तीन निवेदक आहेत : ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. आपले तारुण्य जो देऊन टाकतो, त्या पुरूला निवेदन नाही. घेण्याच्या इच्छेला शेकडो पाने मिळाली. देण्याची इच्छा, तिच्या पोटातले भय, कदाचित राग, कदाचित बापासारखे होण्याची ओढ, हे सारे आपल्याला इतरांच्या तोंडून कळते. झोपाळा एकाच बाजूला थांबलेला आहे. तो पुरूच्या बाजूला नेऊन पाहणे हे वाचकाचे काम आहे, आणि ते करताना कोणत्याही गंडाचे नाव घ्यावे लागत नाही.

या वर्षी आम्ही तोच प्रश्न वेगळ्या रीतीने घातला : पुरूचे निवेदन असते, तर कादंबरीत काय बदलले असते? उत्तरे लांबलचक आली, अनेक ठिकाणी चुकलेली आली. एका विद्यार्थिनीने लिहिले की पुरूपेक्षा तिला पुरूच्या बायकोचे निवेदन वाचायला आवडेल, कारण नवरा एका दिवसात म्हातारा झाल्यावर काय वाटते हे तिला कोणी विचारलेच नाही. आम्ही तिला पूर्ण गुण दिले. गुणपत्रिकेच्या नियमांत ते बसत नव्हते, एवढेच.